गडकरी साहेब, एकेकट्या गाडीचीही तपासणी होऊ द्या

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली

विषय : मालकाने बदल केलेल्या मोटारीची तपासणी आणि दाखल्याबाबत



मी बजाजनगरचा रहिवासी. वाळूज एमआयडीसीत मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत क्वालिटी खात्यात आहे. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या मालात खोट काढायची, हाच पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे पत्राचा सूर कुठे तक्रारखोर वाटला तर सवयीचा भाग समजून घ्या.

आमच्या वसाहतीची ओळख आपल्याला करून द्यायला नको. 1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच्या मागून व्हेंडर आले, व्हेंडरांच्या मागून जालना, बीड, परभणी, बुलढाण्याकडची पोरं आली, आणि एमआयडीसीने आखलेल्या प्लॉटांवर बजाजनगर वसलं. टर्नर, फिटर, वेल्डर यांची इथे वाण नाही. मोहटादेवी चौकात उभं राहून मिग वेल्डिंग कोण चांगलं मारतो असं विचारा, चार नावं मिळतील आणि त्या चार नावांवरून वादही लागेल. अशा गावात लोकांचे हात गाडीला लागल्यावाचून कसे राहणार? दिवसा कंपनीत गाड्यांचे भाग बनवायचे आणि शिफ्ट सुटली की स्वतःच्या नाहीतर मित्राच्या गाडीत काहीतरी करत बसायचं. कुणी जुन्या जीपला मोठे टायर टाकतो, कुणी कमानपाटे वाढवून गाडी चार बोटं वर उचलतो, कुणी हेडलाइट बदलतो, कुणी पुढे लोखंडी गार्ड लावतो. शेतात ये-जा असलेला माणूस मागची सीट काढून ठेवतो. काही बदल निव्वळ हौसेचे असतात, काही पोटासाठी, आणि काही असे की ते केल्याशिवाय त्या माणसाला गाडी चालवताच येणार नाही. त्यांच्याकडे मी पुढे येतो.

या मंडळींत एक पद्धत मुरलेली आहे. धंद्याची गाडी पासिंगला न्यायची असली की आदल्या दिवशी बसवलेलं सगळं उतरवायचं, कंपनीचं मूळ सामान चढवायचं, पासिंग झालं की पुन्हा आपलं बसवायचं. उतरवणं-चढवणं याचा गॅरेजवाल्यांचा दर ठरलेला असतो. ही लपवाछपवी आहे असं कुणाला वाटतसुद्धा नाही. परीक्षेला जाताना पोरगं केस कापून जातं, तसं आहे हे.

आणि हे झालं ट्रक-टेम्पोचं. खासगी मोटारीला एवढीही दगदग नाही. नवी गाडी घेतली की नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि तपासणी होते ती नूतनीकरणाच्या वेळी. म्हणजे आज शोरूममधून बाहेर पडलेल्या मोटारीखाली वाकून पाहणारा सरकारी माणूस तिला पंधरा वर्षं भेटत नाही. पीयूसी होते, पण तिथे धुराच्या नळीपलीकडे कुणी बघत नाही. बाकी मग चौकातला पोलिस. त्याला दिसतं ते बाहेरून: काळी काच, फॅन्सी नंबरप्लेट, सायलेन्सरचा आवाज. स्टीअरिंगच्या सांध्याला कुणी गॅस कटरने भोक पाडलंय, हे त्याला कसं दिसावं?

आता कायदा. मी वकील नाही, पण ड्रॉइंग वाचायची सवय असल्याने कायदाही ओळीनं वाचतो. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 52. मालकाने गाडीत असा बदल करू नये, ज्यामुळे आरसीवरचा तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवून दिलेला तपशील यांत फरक पडेल, असा त्याचा आशय. हे कडक रूप कलमाला 2000 सालच्या दुरुस्तीने आलं. नंतर केरळमधून एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र. त्याचा निकाल 9 जानेवारी 2019 रोजी लागला: उत्पादकाच्या मूळ आराखड्याच्या विरुद्ध जाणारा बदल चालणार नाही, आणि राज्यांच्या नियमांच्या आडोशानेही तो करता येणार नाही. त्याच वर्षी आपण कायद्यात मोठी दुरुस्ती केलीत. नवं कलम 182-अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

प्रत्येक बदलामागे, हे लक्षात घ्या साहेब. त्या हिशेबाने आमच्या गल्लीतल्या काही जीपगाड्यांचा दंड गाडीच्या किमतीपेक्षा जास्त भरेल.

दंडाबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार अशी की कलम 52 गाडीकडे आरसीच्या रकान्यांतून बघतं. आरसीवर काय असतं? रंग, इंधन, आसनसंख्या, वजन, इंजिन नंबर, चासी नंबर. गाडीचा रंग बदलला तर आरसीवर नोंद हवी, आणि ते बरोबरच आहे, चोरीची गाडी सापडायला तो रंग लागतो. पण ब्रेकच्या पॅडलला जोडलेला दांडा, चाक बाहेर काढणारा स्पेसर, सस्पेन्शनला मारलेला वेल्डिंगचा टाका, यांना आरसीवर रकानाच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांच्या पाचव्या प्रकरणात ब्रेक, स्टीअरिंग, टायर, काचा यांचे नियम आहेत, ते पाळायचेच आहेत. पण बदल केलेली गाडी त्या नियमांत बसते की नाही हे कुणी, कुठे आणि कशाने मोजून सांगायचं? ज्या बदलाने माणूस मरू शकतो तो कागदावर दिसत नाही, आणि ज्याने कुणाचं काही बिघडत नाही तो ठळक दिसतो.

इथे एक प्रसंग सांगतो. आमच्या ओळीतले एक गृहस्थ एका कंपनीत स्टोअरला आहेत. लहानपणी पोलिओ झाला, उजव्या पायात जोर नाही. इतकी वर्षं साइड-व्हीलची स्कूटर चालवली, मग पावसाळ्यातल्या हालांना कंटाळून जुनी ऑटोमॅटिक मोटार घेतली. पायाने होणार नाही ते हाताने करायचं म्हणून एका शेडमध्ये हँड कंट्रोल बनवून घेतला. स्टीअरिंगच्या खाली एक लिव्हर. पुढे ढकलला की एक दांडा ब्रेकचं पॅडल दाबतो, आपल्याकडे ओढला की ॲक्सिलरेटर. मान्यता असलेली तयार किट बाजारात मिळतात, पण ती यांच्या खिशाला परवडेनात.

कायद्याच्या दृष्टीने त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं. उलट कलम 52 मध्येच एक चांगलं उपकलम आहे: दिव्यांग व्यक्तीला आपली गाडी स्वतःच्या गरजेप्रमाणे बदलून घेता येते आणि नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी मागाहून मिळवता येते. बदल केल्यापासून चौदा दिवसांत कळवायचं, आरसीवर नोंद करून घ्यायची. आधी करा, मग दाखवा. इतक्या समजुतीने लिहिलेली कायद्यातली ओळ क्वचितच वाचायला मिळते. त्याप्रमाणे हे गृहस्थ रीतसर अर्ज घेऊन एका कार्यालयात गेले. निरीक्षकाने कागद पाहिले, लिव्हर पाहिला, दोनदा दाबून पाहिला, ब्रेक लागतो याची खात्री केली आणि सही दिली.

महिना-दोन महिन्यांनी मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून नगर नाक्यापर्यंत गेलो. ब्रेक दाबला की खालून एक बारीक 'टक्' असा आवाज यायचा. मला राहवेना. रविवारी गाडी दारात लावून खाली घुसलो. लिव्हरचा सगळा डोलारा एका ब्रॅकेटवर तोललेला, आणि ते ब्रॅकेट तीन मिलिमीटरच्या पट्टीचं. कोपऱ्याला आधार देणारी तिकोनी पट्टी, म्हणजे गसेट, नाही. वेल्डिंग वरून छान, फुगीर, चकचकीत; पण कडेला अंडरकट, म्हणजे टाक्याच्या काठाने मूळ पत्रा वितळून खोबण पडलेली. आमच्या कंपनीत डाय पेनिट्रंटची चाचणी रोजची असते, तिचे डबे मागून आणले. सांधा साफ करायचा, लाल रंग फवारायचा, दहा मिनिटं थांबायचं, पुसून घ्यायचं आणि वरून पांढरा डेव्हलपर मारायचा. चीर असेल तर आत मुरलेला लाल रंग पांढऱ्यातून वर येतो. आला. केसाएवढी लाल रेघ, टाक्याच्या काठाकाठाने, जवळपास अर्ध्या लांबीपर्यंत. जोरात ब्रेक मारायची वेळ ज्या दिवशी आली असती, त्या दिवशी तो दांडा त्यांच्या हातात राहिला असता.

मी दाखवलं तर ते म्हणाले, "अहो भाऊ, साहेबांनी तपासून सही दिलीय की. तुम्ही कशाला घाबरवता?"

त्यांना त्या सहीवर विश्वास ठेवायचा हक्क होता. आणि निरीक्षकालाही मी बोल लावणार नाही. त्याच्या हातात माप काय दिलं होतं? ब्रॅकेटची जाडी किती हवी, लिव्हरवर किती किलोचा जोर देऊन किती वेळ धरून पाहायचं, वेल्डिंग कसं तपासायचं, यापैकी काही लिहिलेला कागद त्याच्यासमोर असल्याचं दिसलं नाही. मला गेजशिवाय लाइनवर उभं केलं तर मीही तेच करीन. माल हातात घेईन, उलटसुलट फिरवीन आणि पास करीन. ब्रॅकेट नंतर आमच्याच एका वेल्डरने पाच मिलिमीटरच्या प्लेटमध्ये नव्याने बनवलं, गसेट मारून. पैसे घेतले नाहीत. रात्रीचं जेवण घेतलं.

हाच वेल्डर कंपनीत काम करतो तेव्हा त्याचा प्रत्येक लॉट तपासला जातो. पहिला नग कापून टाका किती आत उतरलाय ते बघतात. एखादा नग गेला तर रिपोर्ट लिहावा लागतो, कारण शोधावं लागतं, परत होणार नाही याची तजवीज दाखवावी लागते. संध्याकाळी शेडमध्ये त्याच हाताने, तसल्याच मशीनने तो माणसाच्या जिवाशी जोडलेला टाका मारतो आणि तो कुणीही बघत नाही. कारागीर तोच राहतो. फक्त तपासणी गळून पडते.

जिथे आपण वाट करून दिलीत तिथे लोक त्या वाटेने जातात, हे सीएनजीने दाखवून दिलंय. मान्यता असलेलं किट, मान्यता असलेलं केंद्र, आरसीवर नोंद, विम्याला कळवणं, आणि दर तीन वर्षांनी टाकीची पाण्याच्या दाबाखालची चाचणी. टाक्यांवर देखरेख ठेवणाऱ्या 'पेसो'चं मुख्य कार्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. बीएस-6 गाड्यांनाही किट बसवण्याची सोय आपण 2022 मध्ये करून दिलीत. सगळं सुरळीत चालतं असं मी म्हणणार नाही, तीन वर्षांची चाचणी विसरणारे खूप आहेत. पण आमच्याकडे बहुतेक जण किट रीतसर बसवून घेतात, कारण रीतसर बसवणं शक्य आहे. याच्या उलट चित्र बघायचं असेल तर घरगुती सिलिंडरमधून व्हॅनमध्ये चोरून गॅस भरणारे अड्डे बघा. त्यांच्यावर बंदी घालणारा आदेश 2001 पासून आहे.

इंधन सोडून बाकीच्या बदलांसाठी अशी वाट मला सापडली नाही. पुण्याची एआरएआय आहे, 1966 पासूनची. अहिल्यानगरला व्हीआरडीई आहे, आमच्यापासून नगर रस्त्याने अडीच तासांवर. नियम 126 प्रमाणे या संस्था गाडीच्या नमुन्याची चाचणी करतात आणि उत्पादकाला दाखला देतात. पण तो धंदाच वेगळा आहे. कंपनी एक नमुना पास करून घेते आणि त्याच्या मागे लाखो गाड्या विकते, चाचणीचा खर्च त्या लाखांत वाटला जातो. ज्याच्याजवळ एकच गाडी आहे आणि तिच्यात एकच बदल आहे, त्याने तिथे जाऊन काय करावं?

2019 च्या दुरुस्तीत मात्र आपण एक दार किलकिलं करून ठेवलंय. कलम 52 मध्येच म्हटलंय की गाडीतल्या बदलांसाठी मानकं, मंजुरीच्या अटी, रेट्रोफिटमेंट वगैरे केंद्र सरकार ठरवून देऊ शकेल, आणि तसा बदल केला म्हणून उत्पादकाची वॉरंटी रद्द धरली जाणार नाही. मी हे वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. वॉरंटीचा मुद्दा कायद्यात घालावा हे ज्याला सुचलं, त्याला गाडीवाल्यांची दुखरी नस ठाऊक होती. त्या दारातून साध्या मालकाला आत जाता येईल असे नियम काढा, एवढंच या पत्राचं मागणं आहे.

बाहेरचे देश हे कसं करतात ते आपण आणि आपले अधिकारी माझ्यापेक्षा जास्त जाणता. तरी दोन उदाहरणं देतो, कारण ती आमच्या कामाच्या पद्धतीशी जुळतात. जर्मनीच्या नियमांत बदल केलेल्या गाडीचा परवाना तीन कारणांनी संपतो: मंजूर झालेला गाडीचा प्रकारच बदलला तर, रस्त्यावरच्या इतरांना धोका होईल असं दिसत असेल तर, आणि धूर किंवा आवाज पूर्वीपेक्षा वाढला तर. तीनच प्रश्न, आणि तिन्ही गाडीला विचारलेले, कागदाला नव्हे. अशा गाडीला मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं लागतं. टीयूव्ही हे त्यातलं आपल्याकडेही माहीत असलेलं नाव. न्यूझीलंडमध्ये तर एकेकट्या बदललेल्या गाडीसाठी स्वतंत्र व्यवस्था आहे. सरकारने नेमलेला तपासनीस गाडी बघतो, आणि पास झाली की एक छोटी धातूची पट्टी गाडीच्या अंगावर रिव्हेटने ठोकतात. गाडीत काय काय बदललंय ते त्या पट्टीवर कोरलेलं असतं. पुढचा मालक, विमा कंपनीचा सर्व्हेअर, रस्त्यावरचा पोलिस, ज्याला बघायचं त्याने बघावं. आमच्या कंपनीतल्या मशीनवर कॅलिब्रेशनचा स्टिकर असतो, त्याच जातीची ही पट्टी.

यावर आपल्याकडे पहिली शंका येईल ती मलाही आली. आणखी एक दाखला म्हणजे आणखी एक खिडकी आणि खिडकीबाहेर आणखी एक एजंट. गाडी न नेता पीयूसी मिळते अशी तक्रार ज्या देशात सर्रास ऐकू येते, तिथे वेल्डिंगचा दाखला गाडी न दाखवता मिळायला किती दिवस लागतील? या शंकेला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही, पण दोन गोष्टी सुचतात. आपल्याच मंत्रालयाने सप्टेंबर 2021 मध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम काढले. ब्रेकचा जोर रोलरवर मोजायचा, हेडलाइटचा झोत मशीनने बघायचा, आकडा थेट संगणकात. आणि केंद्र चालवणाऱ्याने गाड्यांची दुरुस्ती किंवा विक्री करायची नाही. ही शेवटची अट मला सगळ्यात मोलाची वाटते. व्यावसायिक गाड्यांसाठी उभी राहिलेली ही केंद्रं बदल केलेल्या खासगी मोटारीलाही उघडी करा. ब्रेक कमी लागला तर तो आकडा एजंटला बदलता येऊ नये. दुसरी गोष्ट, ज्या इंजिनिअरने बदल तपासला त्याचं नाव आणि क्रमांक आरसीवर येऊ द्या. उद्या ब्रॅकेट तुटलं तर कुणाला विचारायचं ते ठरलेलं असावं. आमच्या लाइनवर प्रत्येक नगावर तपासनिसाचा ठसा असतो. ठसा मारायचा म्हटलं की हात आपोआप जपून चालतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

मी सगळ्यालाच परवानगी मागतोय असा गैरसमज नको. फटाके फोडणारा सायलेन्सर तपासून पास करावा अशी माझी इच्छा नाही. राज्यातल्या शहरांत पोलिस असे सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात, घालू द्या. फक्त एक अडचण तिथेही आहे. आवाजाची मर्यादा डेसिबलमध्ये लिहिलेली, 175 सीसीच्या वरच्या दुचाकीला 80, आणि ती कारखान्यातून निघणाऱ्या नव्या गाडीसाठी. चौकात मात्र बहुतेक वेळा निकाल कानाने लागतो. कधी निरपराधाची पावती फाटते, कधी ओळखीचा सुटतो. ट्रकवर स्पीकरची भिंत उभी करून मिरवणुकीत फिरणाऱ्या डीजेच्या गाड्यांबद्दल तर बोलायलाच नको. मूळ ट्रकला त्या वजनाची आणि उंचीची माहितीही नसते. काळ्या फिल्मच्या वादावर एप्रिल 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, त्यावर पुढेही पुष्कळ लिहिलं-बोललं गेलं. मी त्यात पडत नाही.

लोखंडी गार्डबद्दल मात्र बोलतो. डिसेंबर 2017 मध्ये आपल्या मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून ते बेकायदा असल्याचं कळवलं. कारण खरं आहे. धडक बसली की गाडीचं नाक चेपायला हवं, चेपताना ते धक्का पितं, आणि एअरबॅगचा सेन्सर त्या हिशेबाने बसवलेला असतो. पुढे पाइप ठोकला की सगळं गणित चुकतं. पण हे गार्ड आजही ॲक्सेसरीजच्या दुकानांत दर्शनी टांगलेले दिसतात. गाडीवर दिसला तर गुन्हा आणि दुकानात दिसला तर माल, असा प्रकार आहे. ऑक्टोबर 2023 पासून आपण भारत एनकॅप आणलंत, नव्या गाड्यांना सुरक्षेचे तारे मिळू लागले. लोक पाच तारे बघून गाडी घेतात आणि आठवड्याभरात पुढे गार्ड नि सीटवर कव्हर चढवतात. ते कव्हर सीटच्या कुशीतल्या एअरबॅगवरून जातं, शिवण उसवायला जागाच ठेवत नाही. याला तर कुणी बदल म्हणतसुद्धा नाही.

म्हणून मला वाटतं, बदलांची वर्गवारी आधी धोक्याप्रमाणे व्हावी. स्टीअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन, सीट आणि पट्ट्याची बैठक, चासीवरचं वेल्डिंग, हे सगळं इंजिनिअरच्या ठशाशिवाय चालू नये, मग आरसीवर त्याचा रकाना असो वा नसो. छतावरचं कॅरिअर, मागचा हुक, ठरावीक मापापर्यंतचे टायर, यांना एक छापील मर्यादा द्यावी. मर्यादेत आहे तर कुणाला विचारायला नको, बाहेर गेलं तर तपासणी. आणि काही गोष्टी अजिबात नकोत, तशी स्पष्ट यादी गॅरेजच्या भिंतीवर मराठीत लागू द्या. आज आमच्या गॅरेजवाल्याला विचारलं की हे कायद्यात बसतं का, तर तो म्हणतो, "काही होत नाही हो, सगळेच टाकतात." तो खोटं बोलत नसतो. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

सगळ्या देशात एकदम सुरू करा असा माझा आग्रह नाही. दिव्यांगांच्या गाड्यांपासून सुरुवात करता येईल. तिथे मागाहून मंजुरीची तरतूद कायद्यात आधीच आहे, संख्या आटोक्यातली आहे, आणि विरोध करायला कुणी उभं राहणार नाही. एआरएआय किंवा व्हीआरडीईकडून हँड कंट्रोल आणि साइड-व्हीलसाठी चार पानी तपासणी-पत्रक लिहून घ्या: प्लेटची कमीत कमी जाडी, लिव्हरवर टाकायचा जोर, वेल्डिंगची डाय पेनिट्रंट चाचणी, लिव्हर बसवल्यावरही साध्या पायाने ब्रेक लागतो ना त्याची खात्री, आणि दर दोन वर्षांनी पुन्हा एक नजर. चाचणीचे डबे महाग नसतात, आमच्या वसाहतीतल्या कित्येक कंपन्यांत पडलेले असतात. निरीक्षकांना शिकवायला दोन दिवस पुरतील. पहिली बॅच वाळूजला घ्यायची ठरली तर जागेची आणि शिकवणाऱ्यांची अडचण येणार नाही. सुटीच्या दिवशी फुकट येऊन शिकवतील असे वेल्डिंग इन्स्पेक्टर इथे आहेत, त्यांतल्या दोघांशी मी बोललोही आहे. शनिवार असेल तर दुसरा किंवा चौथा धरावा, बाकीच्या शनिवारी आमची कंपनी चालू असते.

पत्रकाचा मसुदा आम्ही आमच्या परीने लिहायला घेतला आहे. तो स्वतंत्र टपालाने मंत्रालयाकडे पाठवत आहे. त्यातले आकडे आपल्या तज्ज्ञांनी खोडले तरी चालतील, फक्त त्या जागी दुसरे आकडे लिहावेत.

आपला,
वाळूज एमआयडीसीतला एक क्वालिटी इन्स्पेक्टर
बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर